पिचाई-नडेलांच्या शंभर वर्षं आधी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढणारा मुंबईकर : शंकर आबाजी भिसे

लोकलच्या डब्यात वरच्या बाजूला लाल अक्षरांची एक पाटी असते. दादर सुटलं की तिच्यावर माटुंगा हे नाव सरकायला लागतं. रोजचा प्रवासी त्या पाटीकडे बघतसुद्धा नाही. पण डब्यात बसलेल्या माणसाला पुढचं स्टेशन कुठलं हे आपोआप कळलं पाहिजे, असा विचार मुंबईतल्या एका कारकुनाने सव्वाशे वर्षांपूर्वी केला होता. नुसता विचार नाही, उपनगरी रेल्वेसाठी त्याने तसा इंडिकेटरही बनवला होता. तेव्हा गाड्या वाफेच्या इंजिनावर चालायच्या. मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावायला १९२५ साल उजाडलं.

त्या माणसाचं नाव शंकर आबाजी भिसे. अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्यांना भारताचा एडिसन म्हटलं. शाळेच्या पुस्तकात ते कुठेतरी चौकटीत येऊन जातात, आणि बहुतेकांची ओळख तिथेच संपते. या ओळखीत एक गडबड आहे. एडिसन म्हटलं की डोळ्यांसमोर प्रयोगशाळेत रात्रभर जागणारा शास्त्रज्ञ येतो. भिशांच्या आयुष्यातला अर्ध्याहून जास्त वेळ मात्र भांडवल मिळवणं, भागीदार शोधणं, करार करणं, कंपनी काढणं आणि ती बुडताना बघणं यात गेला. आजच्या भाषेत ते स्टार्टअप फाउंडर होते, आणि तेही परक्या देशात.

नोकरी सरकारी, डोकं भलतीकडे

भिशांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईतला. यंत्रांचं वेड लहानपणापासूनच. चौदा वर्षांचे असताना त्यांनी दगडी कोळशापासून गॅस तयार करणारं छोटं उपकरण घरीच उभं केलं. सोळाव्या वर्षी ठरवून टाकलं की शोध लावायचे तर इंग्लंड किंवा अमेरिका गाठायची.

इंजिनिअरिंगची पदवी वगैरे काही नव्हती. माटुंग्याचं व्हीजेटीआय तेव्हा माटुंग्यात नव्हतंच. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झालं आणि आजच्या जागेत यायला त्याला १९२३ साल लागलं. आज फाइव्ह गार्डन्सच्या आसपास व्हीजेटीआय आणि आयसीटीची पोरं व्हिसाच्या तारखांवर चर्चा करताना दिसतात. भिशांच्या तरुणपणी माटुंगा शहराच्या हद्दीबाहेर वाटावा असा भाग होता. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हाती घेतलेल्या योजनेतून आली.

मग हा माणूस शिकला कुठे? उत्तर आजच्या यूट्यूब पिढीला जवळचं वाटेल. अमेरिकेहून येणारं ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे नियतकालिक ते वाचायचे. त्यातली यंत्रांची चित्रं आणि वर्णनं हेच त्यांचं यंत्रशास्त्राचं शिक्षण.

पोटापाण्यासाठी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी होती. त्या काळी मराठी मध्यमवर्गात यापेक्षा चांगली गोष्ट कुठली असणार? नोकरी, पगार आणि पुढे पेन्शन. भिसे दिवसा हिशेब बघायचे आणि उरलेल्या वेळात उपकरणं बनवायचे. विशीत असताना त्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असलेल्यांचा एक क्लब काढला. कुणी उघडून छेडछाड करू शकणार नाही अशी बाटली, सायकलला विजेची जोड, वर सांगितलेला स्टेशन इंडिकेटर, असं काय काय चालू असायचं. दृष्टिभ्रमाचे प्रयोगही ते करायचे. प्रेक्षकांसमोर एक घन वस्तू बघता बघता दुसऱ्याच वस्तूत बदलायची. हे प्रयोग त्यांनी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्येही करून दाखवले आणि त्यांचं कौतुक झालं.

गाडी रुळावर आली ती एका स्पर्धेमुळे. लंडनच्या एका पेटंटविषयक नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली होती. पीठ, साखर, तांदूळ असला किराणा ढिगातून आपोआप वजन करून देईल असं यंत्र हवं होतं. भिशांनी आराखडा पाठवला आणि बक्षीस त्यांनाच मिळालं. इंग्लंडमधल्या स्पर्धकांना मागे टाकून मुंबईच्या कारकुनाने स्पर्धा जिंकली, ही त्या वेळी चांगलीच बातमी होती. शहरातल्या पुढाऱ्यांनी आणि धनिकांनी मग पैशांची सोय केली आणि भिसे लंडनला निघाले.

दादाभाईंच्या दारात

निघताना खिशात सगळ्यात मोलाची गोष्ट होती ती शिफारसपत्राची. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी ते दिलं होतं, आणि पत्र होतं दादाभाई नौरोजी यांच्या नावे.

दादाभाईंना आपण ओळखतो ते ब्रिटिश संसदेत १८९२ मध्ये निवडून गेलेले पुढारी म्हणून. इंग्रज भारताची संपत्ती कशी वाहून नेतात, हे आकड्यांनिशी मांडणारे म्हणून. पण त्यांची आणखी एक बाजू इथे महत्त्वाची आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. १८५५ मध्ये ते लंडनला गेले ते राजकारणासाठी नव्हे, कामा अँड कंपनीचे भागीदार म्हणून. पुढे कापसाचा स्वतःचा व्यापारही त्यांनी केला. परक्या देशात धंदा करायचा म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. भिसे लंडनला पोहोचले तेव्हा दादाभाईंनी पंचाहत्तरी गाठली होती.

या वयात त्यांनी जे केलं त्याला आज एंजल इन्व्हेस्टिंग म्हणतात. त्यांनी भिशांशी रीतसर करार केला, त्यांच्या शोधांत पैसे घातले आणि ओळखीपाळखी करून दिल्या. यात देशप्रेम होतंच. भारतीयांना यंत्रातलं काही कळत नाही, त्यांना फक्त कारकुनी जमते, हा समज तेव्हा इंग्रजांमध्ये पक्का होता. भिशांचं एखादं यंत्र बाजारात चाललं असतं तर त्याला परस्पर उत्तर मिळालं असतं. पण करार होता हेही विसरू नये. दादाभाई दान देत नव्हते, गुंतवणूक करत होते.

लंडनमध्ये भिशांनी शोधांचा सपाटा लावला. जाहिरातींसाठी विजेवर चालणारा फलक त्यांनी बनवला. तो क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात मांडला गेला आणि काही दुकानांनी वापरलाही. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोनमधली सुधारणा, डोकेदुखीवरचं एक साधन, आपोआप फ्लश होणारा संडास, इतकंच काय तर आजच्या पुश-अप ब्राचं आद्य रूप म्हणता येईल अशी एक वस्तूही या यादीत आहे. ही यादी वाचताना मजा वाटते. मला मात्र तिच्यात एक अडचणही दिसते. एकच गोष्ट धरून ती बाजारात रुजवायला वेळ, माणसं आणि पैसा लागतो. भिशांकडे तिन्हींचा तुटवडा होता आणि कल्पना मात्र भरपूर होत्या.

एक शोध या सगळ्यांपेक्षा मोठा ठरला. तो समजून घ्यायला जरा छापखान्यात जावं लागेल.

खिळे ओतणारं यंत्र

तेव्हाची छपाई म्हणजे खिळ्यांची छपाई. प्रत्येक अक्षराचा धातूचा एक सुटा खिळा असायचा. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा मिश्रधातू वितळवून साच्यात ओतायचा आणि खिळा तयार करायचा. जुळारी मग एकेक खिळा उचलून शब्द जुळवायचा. पान छापून झालं की खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. वापरून वापरून खिळे झिजायचे, मग पुन्हा नवीन ओतायचे. मुंबईला हे काम नवीन नव्हतं. काळबादेवीतल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या देवनागरी खिळ्यांचं देशभर नाव होतं. आणि देवनागरीत तर काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून कित्येकशे वेगवेगळे खिळे लागायचे.

म्हणजे वर्तमानपत्रं आणि पुस्तकं वाढत चालली तसं खिळे किती वेगाने आणि किती स्वस्तात ओतता येतात, हा लाखोंच्या धंद्याचा प्रश्न झाला होता. त्या काळचं सगळ्यात गरम तंत्रज्ञान हेच. आज चिप कोण बनवतं यावरून जशी स्पर्धा चालते तशी.

भिशांनी या स्पर्धेत उडी मारली. त्यांच्या यंत्राचं नाव ‘भिसोटाइप’. सुटे खिळे ओतणारं हे यंत्र मिनिटाला १,२०० खिळे ओतू शकतं, असा त्याचा लौकिक होता. म्हणजे सेकंदाला २०. लंडनमधल्या टाइप फाउंड्रीवाल्यांचा आधी यावर विश्वास बसला नव्हता. प्रचलित यंत्रांपेक्षा ते वेगवान आणि स्वस्त पडेल, असा भिशांचा दावा होता.

यंत्र कागदावरून कारखान्यात न्यायला मोठं भांडवल हवं होतं. दादाभाईंनी इथे आपल्या एका मित्राला गाठलं, हेन्री हिंडमन. हिंडमन हे ब्रिटनमधले आद्य समाजवादी, मार्क्सच्या विचारांवर पक्ष काढणारे. भांडवलशाही मोडायला निघालेल्या माणसाने एका भारतीय यंत्रासाठी भांडवल उभं करायचं अंगावर घेतलं, हा योगायोग गमतीचा आहे. हिंडमननी मोठी रक्कम उभी करायचं आश्वासन दिलं. पण ते पैसे आलेच नाहीत. १९०७ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये बँका कोसळल्या आणि दोन्ही खंडांतले गुंतवणूकदार हात आखडून बसले. त्याच वर्षी दादाभाई म्हातारपणामुळे कायमचे भारतात परतले आणि वर्सोव्याला राहू लागले. लंडनमधला भिशांचा मुख्य आधारच गेला.

१९०८ च्या डिसेंबरमध्ये भिशांनी गाशा गुंडाळला आणि मुंबईची बोट धरली. वय ४१. सरकारी नोकरी कधीच सुटलेली.

टाटांचा पैसा

इथे गोष्ट संपली असती. गोपाळ कृष्ण गोखल्यांमुळे ती पुढे सरकली. गोखल्यांनी मध्यस्थी केली आणि भिशांची गाठ रतन टाटांशी घालून दिली.

थांबा, हे ते रतन टाटा नव्हेत. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, जन्म १८७१. (२०२४ मध्ये गेलेले रतन टाटा हे त्यांचे नातू लागतात. या सर रतन टाटांच्या पत्नी नवाजबाई यांनी नवल टाटांना दत्तक घेतलं होतं, आणि नवल टाटांचे चिरंजीव म्हणजे आपले रतन टाटा.) हा माणूस पैसे कुठे घालायचे याबाबत वेगळाच होता. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या लढ्याला १९०९ मध्ये २५ हजार रुपये त्यांनी पाठवले. पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्च त्यांनी उचलला. गोखल्यांच्या भारत सेवक समाजालाही त्यांची मदत होती. भिशांचं यंत्र या यादीत चपखल बसत होतं.

१९१० मध्ये लंडनमध्ये ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ स्थापन झालं. एका बाजूला टाटांचं भांडवल, दुसऱ्या बाजूला भिशांचं डोकं. नावातच दोन्ही आडनावं होती, आणि टाटांच्या नावाशेजारी आपलं नाव लावायला मिळणं ही त्या काळीही लहान गोष्ट नव्हती. पाच वर्षं हे चाललं. भिसोटाइपमध्ये सुधारणा होत राहिल्या. नफा मात्र दिसेना. मग १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. कारखाने तोफगोळ्यांकडे वळले. छपाईची नवी यंत्रं विकत घेण्याच्या मनःस्थितीत कोण असणार? १९१५ मध्ये सिंडिकेट बंद झालं.

टाटांनी हात काढून घेतला म्हणून भिसे बुडाले, असं काही ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. पाच वर्षं परतावा नसताना पैसे घालत राहणारा गुंतवणूकदार आजही शोधून सापडायचा नाही.

खरी अडचण दुसरीकडे होती. त्यासाठी ओटमार मेर्गेनथालर यांच्याकडे बघू. हे मूळचे जर्मन घड्याळजी, अमेरिकेत बाल्टिमोरला स्थायिक झालेले. म्हणजे भिशांसारखेच स्थलांतरित. त्यांचं लायनोटाइप यंत्र सुट्या खिळ्यांऐवजी अख्खी ओळच एकसंध ओतायचं. १८८६ मध्ये ते ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या छापखान्यात बसलं. का बसलं? कारण ट्रिब्यूनचे व्हाइटलॉ रीड आणि इतर वर्तमानपत्रांचे मालकच त्या यंत्रात पैसे घालून बसले होते. म्हणजे गुंतवणूकदार हाच पहिला गिऱ्हाईक. दादाभाई, गोखले, टाटा या भिशांच्या पाठीराख्यांपैकी एकाचाही लंडनमध्ये मोठा छापखाना नव्हता. शिवाय भिसे मैदानात उतरले तोवर लायनोटाइप आणि मोनोटाइप दोन्ही बाजारात रुजलेली होती. त्यांचे विक्रेते होते, सुटे भाग होते, यंत्र चालवायला शिकलेले कामगार होते. छापखान्याचा मालक एकदा यंत्र घेतो ते पंधरा-वीस वर्षांसाठी. नवं यंत्र थोडं वेगवान आहे एवढ्याने तो जुनं भंगारात काढत नाही. आणि गंमत म्हणजे जिंकलेल्या मेर्गेनथालरचंही आपल्या गुंतवणूकदारांशी फाटलंच. १८९९ मध्ये ते क्षयाने वारले.

पन्नाशीत पुन्हा पहिल्यापासून

लंडन संपलं होतं. मुंबईला परत जाऊन काही स्थिरस्थावर करावं, असं कुणीही सांगितलं असतं. भिसे महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कला गेले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

ही अमेरिका आजची नव्हे. १९१७ च्या कायद्याने आशियातल्या मोठ्या भूभागातून येणाऱ्यांना दरवाजे बंद केले, त्यात भारत होता. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस गोरा धरता येत नाही, त्यामुळे त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. ज्यांना आधी मिळालं होतं त्यांतल्या अनेकांचं काढून घेतलं गेलं. हा दरवाजा किलकिला व्हायला १९४६ उजाडलं. अशा देशात, अशा काळात एक सावळा मराठी माणूस गोऱ्या गुंतवणूकदारांना यंत्र विकत होता.

आणि या वेळी काही अंशी जमलं. न्यूयॉर्कमध्ये भिशांच्या टाइप ओतण्याच्या यंत्राला भांडवल मिळालं. १९२० च्या सुमारास ‘भिसे आयडियल टाइप कास्टर कॉर्पोरेशन’ उभी राहिली आणि यंत्र तयार होऊन बाहेर पडलं. अमेरिकन कंपनीच्या नावात भिसे हे आडनाव! लायनोटाइपला हरवणं मात्र त्यांना जमलं नाही. ते कुणालाच जमलं नाही, हेही सांगायला हवं. धातूच्या खिळ्यांचा सगळा धंदाच पुढे ऑफसेट छपाईने आणि मग संगणकाने गिळला.

भिशांना अमेरिकेत पैसा मिळवून दिला तो एका औषधाने. आयोडीनपासून बनवलेलं हे औषध आधी ‘बेसलीन’ या नावाने आलं, पुढे ‘अ‍ॅटोमिडीन’ म्हणून. आयोडीन जंतुनाशक असतं, हे तेव्हाही माहीत होतं. भिशांच्या औषधाबद्दल त्याहून बरंच जास्त सांगितलं गेलं. एडगर केसी नावाचे एक अमेरिकन गूढवादी होते. तंद्रीत जाऊन ते लोकांना आजारांवर उपाय सांगायचे आणि त्यांत अ‍ॅटोमिडीन वारंवार यायचं. त्यामुळे ते त्यांच्या अनुयायांमध्ये पसरलं. हा लेख वाचून कुणी ते मागवायला जाऊ नये. पोटात जास्त आयोडीन गेलं तर थायरॉइडचं गणित बिघडतं.

गूढवादाशी भिशांचा संबंध एवढ्यापुरताच नव्हता. उतारवयात ते अध्यात्माकडे वळले आणि न्यूयॉर्कमध्ये ‘लोटस फिलॉसॉफी सेंटर’ चालवू लागले. विज्ञानवादी माणूस असा कसा वळला, असा प्रश्न काहींना पडतो. त्या काळी यात फारसं वावगं कुणाला वाटत नव्हतं. थिऑसॉफीच्या बैठकांना इंजिनिअर आणि डॉक्टर जात. अमेरिकेत भारतीय माणसाकडून लोकांची अपेक्षाही अध्यात्माचीच असायची. यंत्र विकणाऱ्या भारतीयापेक्षा तत्त्वज्ञान सांगणारा भारतीय त्यांना ओळखीचा वाटायचा.

१९३० च्या अखेरीस भिसे खऱ्याखुऱ्या एडिसनना भेटले. एडिसन तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि पुढच्याच वर्षी गेले. भिशांनी ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच शेवटचा श्वास घेतला. अडुसष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. त्याच शहरात त्याच दशकात हरी गोविल हे दुसरे एक भारतीय लायनोटाइप कंपनीसोबत देवनागरी अक्षरं यंत्रावर बसवत होते. आपली वर्तमानपत्रं पुढे यंत्रावर जुळवली जाऊ लागली ती या वाटेने.

भिशांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंटं सांगितली जातात. त्यांतली काही पेटंटं आज इंटरनेटवर आराखड्यांसकट फुकट बघता येतात. साचे, दांडे, धातू वितळवण्याचं भांडं, सगळं रेखीव काढलेलं. शोधताना फक्त एक लक्षात ठेवा. रोमन लिपीत त्यांचं आडनाव कधी शेवटी वाय लावून लिहिलंय, कधी न लावता. दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा, नाहीतर अर्धे भिसे सापडणारच नाहीत.